एका उजव्यासाठी तीन डावे

सरळ

मागे दोन चाकं आणि पुढे एक असलं की चालवणारा अपंग. पुढे दोन आणि मागे एक असलं की चालवणारा शौकीन. हा शोध अमरावतीच्या रुक्मिणीनगरातले निवृत्त वकील कमलाकांत यांनी लावला, आणि तो लावण्यासाठी त्यांना आधी भर चौकात पडावं लागलं.

खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा डावा पाय दिसायला पाय होता, कामाला नव्हता. सिग्नलला स्कूटर थांबली, त्यांनी पाय टेकवला, पाय टेकला नाही, आणि वकीलसाहेब स्कूटरसकट संत्र्यांच्या हातगाडीवर आडवे झाले. लागलं काही नाही. पण उचलायला जो पहिला धावला, त्याच्याविरुद्ध त्यांनी वाटणीचा दावा जिंकलेला होता. त्याने अगदी मायेने उचललं, शर्टावरची साल झटकली आणि म्हणाला, "सांभाळून राहा लागते आता, साहेब." ते लागलं.

मुलगी देवश्री अकोल्याला, जठारपेठेत दिलेली. दातांची डॉक्टर, दवाखाना घरातच. तिने फोनवर एक फोटो पाठवला: स्कूटर, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन जास्तीची चाकं, आणि दिव्याच्या खाली चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र.

"हे चित्र कशाला?" कमलाकांतांनी विचारलं.

"सवलत मिळते बाबा त्याच्यावर."

"सवलत मी कधी मागितली नाही."

"दिली बी नाही," कुंदा आतून म्हणाली. कुंदा त्यांची पत्नी. मुलींच्या शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त.

स्कूटर विकली. फोटोतली स्कूटर आली नाही. वकीलसाहेब घरात बसले.

घरात बसले म्हणजे काय, हे कुंदालाच माहीत. दूधवाल्याची त्यांनी उलटतपासणी घेतली: पाणी घालतोस, की म्हशीलाच पाजतोस. दूधवाला यायचा बंद झाला. भांडेवालीला त्यांनी 'ठीक बारा' या शब्दांची व्याख्या विचारली. तीही बंद झाली. मग मिसळणाच्या डब्यात त्यांना अन्याय दिसला, आणि मोहरी-जिऱ्याच्या वाट्यांची त्यांनी न्याय्य वाटणी केली. तीस वर्षं पन्नास-पन्नास पोरी एका खोलीत सांभाळलेल्या बाईला हा एक माणूस एका घरात आवरेना. ती दुपारची उगाच भाजी आणायला जाऊ लागली. घरात भाजी सडू लागली.

तेव्हा ताहेर मिळाला.

पुढे दोन

ताहेरचं गॅरेज वलगाव रस्त्यावर होतं. तो गाड्या दुरुस्त करत नसे. दुरुस्ती कोणीही करतो, असं त्याचं म्हणणं होतं. तो गाड्या घडवत असे आणि घडवताना मोबाईल समोर उभा करत असे. त्याने एका जुन्या मोटारसायकलचं पुढचं चाक काढलं, भंगारातल्या मोटारीचा पुढचा सांगाडा कापून तिथे जोडला, आणि पुढे दोन चाकं, मागे एक अशी वस्तू तयार केली. लाल रंग दिला. हॅण्डलला चांदीच्या रंगाची झालर लावली.

"बुलडाण्यापासून वर्ध्यापर्यंत असं काम कोणी करून दाखवा," तो म्हणाला. कोणी करून दाखवलं नाही, कारण कोणाला करायचंच नव्हतं.

वाहनात मूळ बांधणीबाहेरचा बदल करू नये, असं कायदा म्हणतो. कमलाकांतांनी तो कायदा चष्मा लावून वाचला, 'बदल' या शब्दावर थांबले, दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला आणि स्वतःच्या बाजूने निकाल दिला.

गाडी घरी आली. पाय टेकवावा लागत नव्हता. गल्लीतली माणसं जमली आणि विचारू लागली, बाहेरची आहे काय, किती धावते, आवाज कसा मारते. कोणीच पायाबद्दल विचारलं नाही. त्या दिवशी कमलाकांत संध्याकाळपर्यंत घरी आले नाहीत, आणि कुंदाने बऱ्याच महिन्यांनी रेडिओ लावला.

देवश्री दिवाळीला आली. तिने पुढच्या दोन चाकांकडे पाहिलं. तिथे मोटारसायकलचे टायर होते, झिजून गुळगुळीत झालेले.

"बाबा, यांच्यात तर दातच उरले नाहीत."

"मुरतील."

"टायर मुरत नाहीत. नवे बसवा. मग आईला मागे बसवून शनिवारी अकोल्याला या. नीट आलात तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही आलात तर ही गाडी ताहेरला परत. आणि तुम्ही रिक्षाने, कायमचे."

"नीट आलो की नाही हे कोण ठरवणार?"

"आई सांगेल. ती खोटं बोलत नाही."

कमलाकांतांनी अट मान्य केली. साक्षीदार घरचा होता.

लिंबू

"बाईकचा टायर गोल राह्यते, कावून का बाईक वळताना झुकते," ताहेरने समजावलं. "आपली गाडी झुकतच नाई. तिले सपाट टायर पायजे. कारचा."

'कारचा' हा शब्द कमलाकांतांना फार आवडला. तो त्यांनी घरी येईपर्यंत तोंडात घोळवला. कारचे टायर लागलेल्या वाहनाला निदान पुढून तरी कार म्हणता येईल, असा एक मुद्दा त्यांच्या मनात आकार घेत होता.

शुक्रवारी सकाळी ताहेरने घरी येऊन टायर बसवले. रुंद, काळेभोर, नक्षीदार. गाडीला पुढून एकदम छाती आली. ताहेरने तीन बाजूंनी व्हिडिओ काढले.

आता नवं चाक लागलं म्हणजे पूजा. देवश्रीचे सासरे, भगवंत गुरुजी, जठारपेठेतून फोनच्या पडद्यावर प्रकट झाले. तिकडून मंत्र आले, इकडे कुंदाने हळद-कुंकू वाहिलं, टायरांवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. तिन्ही चाकांखाली लिंबं ठेवली.

"चालवा," पडद्यातून गुरुजी म्हणाले.

गाडी हातभर पुढे गेली. लिंबं फुटली.

"झालं. आता हे टायर झिजेपर्यंत उतरवाचे नाई. संस्कार झाला त्याईच्यावर."

सगळ्यांना वाटलं, गाडी चालवून पाहिली. पूजेत गाडी सरळच जाते, हे त्या घडीला एका निवृत्त वकिलाला, एका शिक्षिकेला, एका गुरुजीला आणि एका घडवणाऱ्याला, म्हणजे मिळून चार जाणकारांना, सुचलं नाही.

तिसऱ्या प्रहरी कमलाकांत भाजीबाजाराकडे निघाले. कोपऱ्यावर त्यांनी हॅण्डल उजवीकडे फिरवलं. ते थोडं फिरलं आणि अडलं. जोर दिला. खालून जळक्या रबराचा वास आला.

ते तसेच डावीकडे वळले आणि वलगाव रस्त्यावर गेले. पोचायला बराच वेळ लागला.

"उजवीकडं वळत नाही," ते ताहेरला म्हणाले.

"किती वळत नाई?"

"थोडं वळतं. मग वास येतो."

ताहेर खाली बसला, वाकला, बोटाने ठोकून पाहिलं. "हां. टायर चौडा आहे ना साहेब. उजवीकडं हॅण्डल पूर्ण मारलं का उजव्या टायरची मागची कड सायलेन्सरले भिडते. डाव्या अंगाले सायलेन्सरच नाई. म्हणून तिकडं एकदम मक्खन."

"मग उतरव टायर."

"मी उतरवतो. तुमचे व्याही काय म्हणतीन ते तुमी पाहा. निंबू फुटलं ना." ताहेर उठला. "सायलेन्सर सरकवून देतो. पाइपाले नवा बेंड करा लागते. चार-पाच रोज."

"उद्या शनिवार आहे."

ताहेरने हात पुसले. मोबाईलकडे पाहिलं, तो चालू नव्हता. "एक सांगू का साहेब? उजवीकडं जाता कावून?"

"म्हणजे?"

"आपल्या मुलखात गाडी डाव्या बाजूनंच चालवा लागते. कायदाच आहे. तुमी वकील, तुमाले मी काय सांगू."

कमलाकांत गाडीवर बसले. युक्तिवाद भिकार होता, पण तो त्यांच्या बाजूचा होता.

डावीकडे

शनिवारी सकाळी कुंदा अनारशांचा डबा मांडीवर घेऊन मागे बसली. बडनेरा रस्त्याला लागायचं तर गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे

डावीकडे.

"अहो, बडनेरा तिकडं."

"माहीत आहे."

डावीकडे. शाळेच्या भिंतीला धरून डावीकडे. पुन्हा गल्लीचं तोंड आलं, या वेळी समोरून. सरळ. कोपऱ्यावरच्या पानठेल्यातून देवीदासने हात केला. पुढच्या चौकात परत उजवीकडे

डावीकडे.

एका उजव्यासाठी तीन डावे लागतात. हे गणित कागदावर बरोबर आहे. रुक्मिणीनगरात मधल्या डाव्याला कोणाचं तरी नळाचं खोदकाम असतं, तिसऱ्या डाव्याला लग्नाचा मांडव असतो, आणि मग तिनाचे पाच होतात, पाचाचे सात. देवीदासच्या ठेल्यावरून ते दुसऱ्यांदा गेले.

"वकीलसाहेब, काही भुललं काय?"

तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो उठून उभा राहिला आणि सुपारी कातरायची थांबवली.

"दर्शन देऊन राहिले," कुंदा जाता जाता त्याला म्हणाली.

मग नवऱ्याच्या पाठीला म्हणाली, "हे काय चाललं ते मले आता सांगता, का मी उतरू?"

त्यांनी सांगितलं. लिंबू, सायलेन्सर, वास, सगळं. कुंदाने डबा घट्ट धरला.

"म्हंजे अकोल्यापर्यंत उजवं नाई."

"महामार्गाला मध्ये दुभाजक आहे. तिथे कोणालाच उजवं नाही," कमलाकांत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी हवा भरली.

सरळ, सरळ, सरळ

राष्ट्रीय महामार्ग पूर्णपणे त्यांच्या बाजूने होता. चार पदरी, लांबलचक, कोणाला काही न विचारणारा. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. मोटारसायकलवरची पोरं मागून येत, बाजूला लागून व्हिडिओ काढत आणि अंगठा दाखवून पुढे जात. कमलाकांत मान न वळवता अंगठा परत करत.

लोणीला कुंदाची मावसबहीण होती. रस्त्याच्या उजव्या अंगाला.

मुर्तिजापूरला आतेभाऊ. उजव्या अंगाला.

"माह्या माहेरचं एक माणूस डाव्या बाजूले राहत नाई," कुंदा म्हणाली. "तुमची बहीण बरी टोलनाक्याच्या अलीकडं, डावीकडं."

"नियोजन लागतं त्याला."

मुर्तिजापूरच्या पुढे डाव्या हाताला चहाचं हॉटेल होतं, म्हणून चहा झाला. माणसं जमली. गाडी कितीला पडली, मायलेज काय, बाहेरदेशातली काय.

"कल्पना बाहेरची आहे," कमलाकांतांनी सांगितलं.

एक पागोटंवाला म्हातारा मागून आला, गाडीभोवती फिरला आणि विचारता झाला, "अपंगाची हाय काय?"

कमलाकांतांनी बशीतला चहा संपवला. "पुढं या आजोबा. मोजा. पुढं दोन आहेत."

म्हाताऱ्याने मोजली. "व्हय. दोन हायेत," तो म्हणाला, आणि कमलाकांत उठताना डाव्या मांडीला हाताने धरून पाय कसा उचलतात, ते पाहत राहिला.

साक्ष

बोरगाव मंजूच्या अलीकडे, वाऱ्यावर, ओरडून:

— देवश्रीने विचारलं, प्रवास कसा झाला, तर?

— बरा झाला.

— बरा नाही. उत्तम.

— कंबर मोडली माही.

— कंबर हा वादाचा मुद्दा नाही. गाडी उजवीकडे वळते का, असं विचारलं तर?

— नाई वळत.

— हे तू स्वतः पाहिलंस?

— देवीदासनं बी पाह्यलं.

— देवीदास इथे नाही. तू मागे बसली होतीस. तुझ्यासमोर माझी पाठ होती. हॅण्डल तुला दिसत नव्हतं, चाकं दिसत नव्हती. पाठ वळली की नाही, एवढंच तू शपथेवर सांगू शकतेस.

— पाठ बी नाई वळली.

— कुंदा.

— काय?

— गाडी गेली तर मी घरात बसेन.

एक ट्रक हॉर्न देत गेला.

डावीकडे, डावीकडे, डावीकडे

जठारपेठेत भगवंत गुरुजींचं घर आणि मारुतीचं मंदिर एकाच चौकोनात, पाठीला पाठ लावून उभं आहे. चारही बाजूंनी रस्ते. गल्लीत शिरले तेव्हा घर उजव्या हाताला आलं. फाटक उघडं होतं, फाटकात देवश्री उभी होती. तिने हात हलवला. आत यायला फक्त उजवीकडे

कमलाकांतांनी हात हलवला आणि ते निघून गेले.

देवश्री हात वर ठेवून तशीच राहिली. आई मागे डबा धरून बसलेली तिला दिसली, आणि आईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, तेही दिसलं.

दुसऱ्या टोकाने गल्लीत शिरलं की घर डाव्या हाताला येतं. त्यासाठी आधी पलीकडचा चौकोन, मग हा चौकोन, सगळं डावीकडे. मंदिरावरून गेले. शनिवार होता. तेलाच्या वाट्या आणि रुईच्या पानांचे हार घेऊन माणसं रांगेत होती. त्यांनी माना वळवल्या. गाडी गल्लीत आली, घर डावीकडे आलं. पण तोवर देवश्री आपली स्कूटर घेऊन वडिलांना शोधायला निघाली होती आणि स्कूटर फाटकात आडवी होती. मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता. मोटारसायकलला मागे जाता येत नाही आणि कमलाकांतांना पायाने गाडी मागे रेटता येत नाही.

पुढे. डावीकडे. मंदिर. रांगेतला एकजण म्हणाला, "हे दुसऱ्यांदा."

या वेळी फाटक मोकळं होतं, पण मधोमध भगवंत गुरुजी उभे होते, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात ओवाळून टाकायचा भाकरीचा तुकडा. नवी गाडी, लांबून आलेले व्याही. रीत होती. ते हलले नाहीत. गाडी थांबेल, अशी त्यांची खात्री होती. कमलाकांतांची नव्हती.

पुढे. मंदिर.

"तीन," रांगेतून आवाज आला. "आन् उलट्या."

तिसऱ्या खेपेला कुंदा लांबूनच ओरडली, "गुरुजी, सरका," आणि गाडी आत शिरली, तुळशीच्या एक वीत अलीकडे थांबली. भाकरीचा तुकडा गुरुजींच्या हातातच राहिला.

थांबा

पोहे झाले. मग गुरुजींनी बशी खाली ठेवली.

"वकीलसाहेब, एक इचारू? मारुतीले प्रदक्षिणा उजवी घालतेत. देव आपल्या उजव्या हाताले पायजे. डावी कवा घालतेत, तुमाले माहीत आहे."

"माहीत आहे."

"माणूस गेल्यावर."

"हो."

"आन् तुमी तीन घातल्या. शनवारी. माह्या घराले धरून. गावानं मोजल्या."

कमलाकांतांनी चष्मा पुसला. न्यायालयात ते असाच पुसत. "प्रदक्षिणा पायी घालतात, गुरुजी. वाहनाने घातली ती वाहतूक."

गुरुजींनी यावर विचार केला. मुद्दा त्यांना पटला नव्हता, पण खोडायचा कुठून तेही सापडत नव्हतं.

"बाबा," देवश्री म्हणाली. मघापासून ती दारात उभी होती. तिच्या बोटांना काळं लागलेलं होतं. "गाडी उजवीकडे वळते का?"

"प्रश्न मोघम आहे. किती अंशात, कोणत्या वेगाने—"

"आई, तू सांग."

कुंदा पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढून ठेवत होती. सगळे तिच्याकडे पाहत होते. कमलाकांत सोडून, ते पंख्याकडे पाहत होते. इतकी वर्षं साक्षीदार उभे केले, पडले, फुटले, फितूर झाले. पण आता ज्याच्या शब्दावर त्यांचं बाहेर पडणं टांगलं होतं, तो साक्षीदार सत्यासाठी शाळाभर कुप्रसिद्ध होता. स्वतःच्या भाचीला हिने नापास केलं होतं.

"वळते," कुंदा म्हणाली, आणि शेंगदाणे तोंडात टाकले.

स्वयंपाकघरात देवश्रीने तिला गाठलं.

"सायलेन्सरला रबर चिकटलंय, आई. मी हात लावून पाहिला. उजव्या बाजूला."

"असंल."

"तू खोटं बोललीस."

"हो."

"ते पडतील कुठेतरी. उजवीकडे न वळणाऱ्या गाडीवर तू त्यांना सोडणार?"

"डावीकडं चांगली वळते. मी नव्वद किलोमीटर बसून आली." कुंदाने ओट्यावरचा मिसळणाचा डबा उघडून पाहिला, वाट्या जिथल्या तिथे होत्या, आणि झाकण लावलं. "तुले भीती वाटते ना? खरी आहे भीती. मंग एक कर. ठेव त्याईले इथं. गाडी ताहेरले परत देऊ. तुमची मधली खोली रिकामीच आहे. दिवसभर घरीच राहतीन. तुह्या दवाखान्यात पेशंट येतेत, त्याईच्याशी बोलतीन. सासऱ्याशी शास्त्रावर बोलतीन. तुही भांडेवाली कवा येते?"

"बाराला."

"ठीक बाराले?"

देवश्रीने परात पुढे ओढली आणि कणकेत पाणी घातलं, थोडं जास्तच.

"हळू चालवायला सांग त्यांना," शेवटी ती म्हणाली.

उजवीकडे

ऊन उतरल्यावर गुरुजी उपरणं घेऊन बाहेर आले. कोपऱ्यावर सत्यनारायण होता.

"वकीलसाहेब, गाडी वळतेच म्हणता, तं मले सोडा तेवढं. इथंच. फाटकातून निंगालं का उजवीकडं."

हे भोळेपणाने म्हटलं होतं की कसं, ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. देवश्रीने आईकडे पाहिलं. आईने तुळशीकडे पाहिलं. कमलाकांतांनी मांडी हाताने उचलून गाडीवर टाकली. दोघी मायलेकींनी अंगणातच ढकलून गाडीचं तोंड फाटकाकडे केलं. गुरुजी मागे बसले.

फाटकातून निघाल्यावर उजवीकडे

"इकडं कुठं?" गुरुजी म्हणाले.

"मंदिरावरून जाऊ."

डावीकडे. डावीकडे. मंदिराची रांग अजून होती, वाढली होती. रांगेने गाडी ओळखली. मग मागे कोण बसलंय तेही ओळखलं. तेलाची वाटी हातात धरून एकाने नमस्कार केला, कारण गुरुजींना नमस्कार करायचा असतो, मग ते कोणत्या दिशेने का जाईनात.

गुरुजींना उतरता आलं असतं. गाडी काही वेगात नव्हती. पण उतरून रांगेला काय सांगायचं? व्याह्यांनी फसवलं म्हणावं, तर व्याही आपणच पसंत केलेले. टायर वाईट म्हणावे, तर त्यांच्यावर मंत्र आपलेच. त्यांनी उपरणं सारखं केलं, हात जोडले आणि डोळे मिटले.

कोपरा आला. सत्यनारायणाचा मांडव दिसत होता. कमलाकांत वेग कमी करू लागले.

"थांबू नका," मागून गुरुजी म्हणाले.

"तुमचा कोपरा आला."

"लोकाईनं पाह्यलं. एक फेरी म्हंजे चूक. तीन म्हंजे विधी. चला."

ओसरीवर कुंदा आणि देवश्री चहा घेत बसल्या होत्या. गाडी समोरून गेली. गुरुजींचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. कमलाकांत सरळ समोर पाहत होते. पाठ ताठ होती.

"हे कुठे चालले?" देवश्री म्हणाली.

"येतीन. गोल आहे."

दुसऱ्यांदा गाडी गेली तेव्हा मागून एक मोटारसायकल चालली होती, हळूहळू, अंतर ठेवून. तिसऱ्यांदा मोटारसायकलच्या मागे एक नवी कोरी पांढरी मोटार होती. पाटीला झेंडूचा हार होता. चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेली बाई हात जोडून होती, आणि मोटार डाव्या बाजूला चिकटून, फार श्रद्धेने वळत होती.

कुंदाने पाय लांब केले.

"चहा उरला का गं?" तिने विचारलं. "टाक अजून अर्धा कप. एवढ्यात काही येत नाईत ते."